अभ्यासपाठ : लेकरांची राखण

वाचन : मत्तय 18:1-14



प्रभूने एका बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे केले, हा प्रसंग आपण शब्बाथशाळेत पुष्कळदा शिकवतो. आज त्या बालकाच्या सुरक्षिततेविषयी शिकू या.

काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर आमच्या वर्गातली आठ-नऊ वर्षांची मुलगी अचानक गप्प झाली. एका नातेवाइकाचे नाव काढले की रडायची. मी तिच्यासाठी प्रार्थना केली, पण तिला जवळ बसवून विचारले नाही. पुढे तिच्या आईकडून खरे कळले. मी गप्प राहिलो, ते तिने भोगले.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली महाराष्ट्रासह 13 राज्यांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. छळणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते. म्हणून ‘अनोळखी माणसापासून जप’ एवढे शिकवून भागत नाही.

हिवतापावर आपण गोळ्या देतो, पण डबकी बुजवल्याशिवाय साथ हटत नाही. इथेही तसेच आहे. काम तीन टप्प्यांनी करावे.

1. घडण्याआधी : आपल्या शरीराला कोणी नको तसा हात लावला तर ‘नको’ म्हणावे, तिथून निघावे आणि सांगावे, हे मुलामुलींना शिकवा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला विचारा, लेकरे कोणापाशी राहणार? आपल्या वर्गातही कोणी मोठा माणूस बंद दाराआड एका मुलाबरोबर एकटा नसावा, मग तो पाळक असो वा मी.

2. खुणा दिसताच : अचानक अबोल होणे, पुन्हा अंथरूण ओले करणे, शाळा टाळणे, एकाच व्यक्तीला घाबरणे. कारण दुसरेही असू शकते, पण मायेने विचारा. अंगणवाडीताई आणि आशाताई यांनाही सोबत घ्या.

3. घडल्यावर : लेकरावर विश्वास ठेवा. ‘तुझी चूक नाही’ असे सांगा. खोदून खोदून विचारू नका. 1098 या क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. 2012 च्या पॉक्सो कायद्याने असे कळवणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घरीही घेता येतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात. पंचांपुढे किंवा मंडळीत प्रकरण मिटवू नका. क्षमेची शिकवण गुन्हा झाकण्यासाठी नाही.

चर्चेसाठी :
• आपल्या मंडळीत लेकरू मनातले कोणाला सांगू शकेल?
• या हंगामात आपल्या पाड्यावर कोणती लेकरे मागे राहणार आहेत?

प्रार्थना : हे प्रभू, लहानांचे न बोललेलेही ऐकू येईल असे कान आम्हांला दे, आणि ऐकल्यावर उठण्याचे धैर्य दे. आमेन.