जड आधी की हलके?



पाव किलोचे आणि एक किलोचे लोखंडी वजन एकाच उंचीवरून एकाच क्षणी सोडले, तर जमिनीवर आधी कोणते पडेल? वर्गात विचारले की बहुतेक हात ‘एक किलो’च्या बाजूने वर होतात. घरची मोठी माणसेही बहुधा तेच सांगतील. खरे उत्तर असे, की दोन्ही जवळजवळ बरोबरच पडतात.

आधी शब्द समजून घेऊ. आपण मराठीत ‘वस्तुमान’ म्हणतो, शेजारच्या मित्राच्या गुजराती पुस्तकात त्यालाच ‘दळ’ म्हणतात आणि आम्ही हिंदी माध्यमात शिकलो तेव्हा ते ‘द्रव्यमान’ होते. नावे तीन, अर्थ एकच : वस्तूत द्रव्य किती आहे ते. ‘वजन’ मात्र वेगळे. पृथ्वी वस्तूला ज्या बलाने ओढते, ते वजन.

चौपट वस्तुमानाच्या वस्तूला पृथ्वी चौपट बलाने ओढते. परंतु त्या वस्तूचे जडत्वही चौपट असते, म्हणजे तिचा वेग तितकाच वाढवायला चौपट बल लागतेच. हिशेब बरोबरीचा होतो. दोघींचाही वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो.

मग कागद सावकाश का पडतो? हवेमुळे. त्याच कागदाचा बोळा करून टाका, भरकन पडेल. वस्तुमान तेच, फक्त हवेचा अडथळा कमी झाला. एकाच आकाराचे लोखंडी आणि थर्मोकोलचे चेंडू उंचावरून सोडले तर थर्मोकोलचा मागे राहतो, कारण त्याच्या थोड्या वजनापुढे हवेचा विरोध मोठा ठरतो.

अ‍ॅरिस्टॉटलचे ‘जड ते वेगाने पडते’ हे मत शेकडो वर्षे मान्य होते. १५८६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिमॉन स्टेव्हिन यांनी प्रयोग नोंदवला : एकापेक्षा दुसरा दहापट जड असे शिशाचे दोन गोळे सुमारे तीस फुटांवरून टाकले, आवाज एकच आला. पुढे गॅलिलिओंनी उतरणीवर गोळे घरंगळत सोडून मापे घेतली. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर, जिथे हवा नाही, हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही बरोबर पडले. आपल्या देशातही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे जमिनीखाली अतिसंवेदनशील तराजू बसवून हाच नियम वेगवेगळ्या पदार्थांवर तपासला. फरक आढळला नाही.

घरी करून पाहा : रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान कागदी चकती कापा. ती नाण्यावर ठेवून नाणे आडवे सोडा. चकती नाण्याबरोबरच खाली येते. उत्तर पाठ करण्यापेक्षा हे एकदा पाहिलेले बरे.

पालकांसाठी या धड्यात एक गंभीर गोष्ट आहे. उत्तरायणाला सारे बडोदे गच्चीवर असते. ‘पोर हलके आहे, फार लागणार नाही’ हा समज सोडावा. तीन मीटरवरून वीस किलोचे मूल आणि सत्तर किलोचे वडील सारख्याच वेळात, पाऊण सेकंदाच्या आसपास, खाली येतात. आदळताना वेग ताशी अठ्ठावीस किलोमीटर. नऊ मीटरवरून तो ताशी अठ्ठेचाळीसच्या घरात जातो. धावत जाऊन धरायला वेळच नसतो. म्हणून कठडा नसलेल्या गच्चीवर मुलांना एकटे सोडू नये आणि पतंगाकडे पाहत मागे सरकू देऊ नये.

विश्वस्त मंडळास विनंती, की प्रयोगशाळेसाठी नाणे-पिसाची काचनळी व हवा काढण्याचा पंप यंदा मंजूर व्हावा. चंद्रावर झालेला प्रयोग आपल्या मुलांना वर्गातच पाहता येईल.