रस्ता रिकामा का आहे, ते आधी विचारा

वऱ्हाडात लांब पल्ल्याची सायकल चालवणारे वाढत आहेत आणि त्यांच्याकडून एकच विचारणा होते: गाड्यांचा त्रास नसलेला रस्ता सांगा. विचारणा रास्त आहे. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग 53 आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. जून 2022 मध्ये लोणी ते मूर्तिजापूर दरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी थर सुमारे 105 तासांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पण रस्ता गुळगुळीत झाला की ट्रक आणि ट्रॅव्हल्सचा वेगही वाढतो. सायकलवाल्याच्या वाट्याला कडेची पट्टी उरते आणि त्या पट्टीवर उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली भेटतात. त्यामुळे नजर आपोआप उत्तरेकडे, सातपुड्याच्या रांगेकडे जाते. मेळघाटातले रस्ते, बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटा, पूर्णेच्या खोऱ्यातले आडरस्ते नकाशावर मोकळे दिसतात. याच मोकळेपणाबद्दल मला सावध करायचं आहे. आपल्या भागात सायकल चालवून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे जो रस्ता रिकामा असतो, तो काहीतरी कारणाने रिकामा असतो, आणि ते कारण समजल्याशिवाय त्यावर चाक घालू नये.

हे मत नीट तपासायचं तर स्कॉटलंडचं उदाहरण घ्यावं लागतं, कारण जंगल आणि नदीखोऱ्यांतून जाणाऱ्या निवांत सायकलवाटांची बरीचशी स्वप्नं तिथूनच येतात. 1963 च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमध्ये हजारो मैल रेल्वेमार्ग बंद झाले. डी नदीच्या काठाने ॲबर्डीनहून बॅलटरला जाणारी रेल्वे 1966 मध्ये थांबली. आज त्या मार्गाच्या बऱ्याचशा भागावरून सुमारे 66 किलोमीटरची डीसाइड वाट जाते. ग्लेन ओगलच्या दरीत सप्टेंबर 1965 मध्ये दरड कोसळली आणि आधीच बंद व्हायची ठरलेली रेल्वे तिथेच संपली. तिच्या कमानींच्या पुलावरून आज ग्लासगो ते इनव्हर्नेस हा सायकलमार्ग जातो. हे सगळं आपोआप झालं नाही. ब्रिस्टलमध्ये 1977 साली सुरू झालेल्या सस्ट्रान्स या संस्थेने आणि तिथल्या स्थानिक कारभारांनी जुने रूळमार्ग मिळवले, मुरूम घातला, पूल दुरुस्त केले, पाट्या लावल्या. सरकारी वनांमधले लाकूड वाहण्याचे रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलींना खुले झाले आणि तोड चालू असेल तेव्हा ते बंद असल्याची पाटी लागते. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने तर बहुतेक जमिनीवरून जबाबदारीने जाण्याचा हक्कच दिला. म्हणजे तिथला रस्ता कोणीतरी विचार करून, कायदा करून आणि पैसा घालून सायकलसाठी मोकळा ठेवलेला आहे. शिवाय त्या जंगलात वाघ नाही, अस्वल नाही.

मेळघाटात दोन्ही आहेत, आणि इथून सावधगिरीचा खरा विषय सुरू होतो. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट एक आहे. 1974 पासून त्याला तो दर्जा आहे. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याचा गाभा आहे आणि नरनाळा, वान, अंबाबरवा ही अभयारण्यं त्याला जोडलेली आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय जाता येत नाही. आत दिसणारी कच्ची वाट कितीही सुंदर असली तरी ती वनरक्षकांच्या गस्तीसाठी आहे. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाणारा डांबरी रस्ता सार्वजनिक आहे, त्यावरून एसटीही जाते. पण तो घाटाचा आणि अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, आणि दुतर्फा जंगल असलं तरी त्याला वाहतूकमुक्त म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सफारीच्या जिप्सी आत जातात, धूर सोडतात, आवाज करतात. मग बिनआवाजाची, बिनधुराची सायकल का नको? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण अडचण त्या बिनआवाजातच आहे. अस्वलाची नजर अधू असते. माणूस अचानक जवळ आला की ते पळून जाण्याऐवजी अंगावर येतं. उतारावर वेगाने, न वाजता येणारी सायकल नेमकी अशीच गाठ घालून देते. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडायला लागला की पहाटे त्याच झाडांखाली अस्वलंही येतात आणि फुलं वेचायला कोरकू बायामाणसंही येतात. ती माणसं बोलत, आवाज करत, सोबतीने जातात. जंगलात कसं वावरायचं ते त्यांना कळतं आणि आपण ते त्यांच्याकडून शिकावं. जिप्सीतला पर्यटक ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, गाइडसोबत आणि गाडीतून न उतरता जातो. एकट्या सायकलस्वाराची त्याच्याशी बरोबरी होत नाही.

मला त्याहून महत्त्वाचं वाटणारं कारण वेगळं आहे. मेळघाटाच्या गाभ्यातली शांतता फुकट मिळालेली नाही. बोरी, कोहा, कुंड इथल्या लोकांनी घरं सोडली. पुढे वैराट, चुर्णी, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा अशी गावंही उठली. पुनर्वसनाच्या सोयींवरून तक्रारी झाल्या, काही कुटुंबं परत जंगलात जाऊन बसली. ज्या जमिनीवरून तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना वाघासाठी बाजूला व्हावं लागलं, तिथे शहरातल्या माणसाने छंदासाठी वाट मागणं मला न्यायाचं वाटत नाही. ज्याला मेळघाट पाहायचा आहे त्याने सायकल परतवाड्यात ठेवावी, वनखात्याच्या नियमाने आत जावं आणि बाहेर येऊन पुन्हा सायकल घ्यावी.

रेल्वेच्या वाटांचं आकर्षण याहून मोठं आहे, आणि स्कॉटलंडची तुलना इथेच सर्वांत जास्त फसवते. अकोला–खंडवा मीटरगेज 2017 च्या सुरुवातीला बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज झालं, पण अकोटच्या पुढे वान आणि धुळघाटकडचा भाग व्याघ्र प्रकल्पातून जातो. त्याचं रुंदीकरण करावं की नाही यावर बराच वाद झाला आणि शेवटी नवा मार्ग प्रकल्पाबाहेरून नेण्याचं ठरलं. धुळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून चढत जायचे. हे वळण देशभरातल्या रेल्वेप्रेमींना माहीत आहे. ही वाट म्हणजे तयार सायकलमार्ग, असं कुणालाही वाटेल. पण गाडी तिथून हलवली ती जनावरांना त्या पट्ट्यात निर्धास्त फिरता यावं म्हणून. तिथे सायकली आणल्या तर तो निर्णय निम्मा मोडल्यासारखाच होईल.

शकुंतला रेल्वेचं प्रकरण निराळं आहे. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जाणारी ही सुमारे 76 किलोमीटरची नॅरोगेज कापसासाठी घातली गेली. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ती मालमत्ता. तिच्यावर जंगल नाही, चढ नाही, वाघ नाही. कपाशी, संत्र्याच्या बागा, अंजनगावचे पानमळे आणि पूर्णेचं पात्र आहे. हिचा डीसाइड मार्ग करा, असं म्हणणारे भेटतात. माझा त्याला विरोध आहे. या पट्ट्यातले लोक वर्षानुवर्षं शकुंतला ब्रॉडगेज करा म्हणून आंदोलनं करत आहेत. गरीब प्रवाशाला दवाखान्यात, कॉलेजात, बाजाराला नेणारी गाडी ही सायकलवाटेपेक्षा मोठी गरज आहे, आणि रूळ काढून वाट केली की ती मागणी कायमची गाडली जाईल. गाडी परत आली आणि बाजूने वाट करता आली तर आनंदच आहे. तोपर्यंत त्या रुळांवरून सायकल नेऊ नका. रेल्वेच्या हद्दीत बिनपरवाना शिरणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि गिट्टी-स्लीपरवरून सायकल चालत नाही ती नाहीच.

मग वऱ्हाडात गाड्यांवाचून जायला काही नाही का? आहे, आणि भरपूर आहे; फक्त ते जंगलात नसून शेतांमध्ये आहे. भूमी अभिलेखचा कुठल्याही गावाचा नकाशा उघडा. दुहेरी तुटक रेषेने गाडीरस्ता दाखवलेला असतो, एकेरी तुटक रेषेने पाऊलवाट. गावातून शिवारात, शिवारातून शेजारच्या गावात जाणाऱ्या या पांदणींचं जाळं महामार्गाच्या कितीतरी आधीचं आहे. नकाशावर असलेला रस्ता सार्वजनिक असतो. तो अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून 2021 पासून पांदण रस्त्यांना माती-मुरूम आणि खडीकरणासाठी पैसा मिळू लागला. असं खडीकरण झालेली पांदण नोव्हेंबरनंतर सायकलला उत्तम असते. स्कॉटलंडमधला जंगलरस्ताही मुळात लाकडासाठीच झाला होता. आपली पांदण बैलगाडीसाठी आहे आणि तिच्यावर सायकल पाहुणी म्हणून जाऊ शकते.

पाहुण्याने घराची रीत समजून घ्यायची असते, म्हणून इथेही तोच प्रश्न: पांदण रिकामी का आहे? पावसाळ्यात ती रिकामी असते ती काळ्या मातीमुळे. ही माती ओली झाली की चाक आणि चिमट्याच्या मध्ये घट्ट बसते आणि सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येते. डोंगरी भागातल्या चिखलावरून अंदाज बांधू नका. पूर्णेच्या खोऱ्यातला चिखल निराळा असतो, आणि एका सरीनंतर वाळायला त्याला दोन-तीन दिवस ऊन लागतं. उन्हाळ्यात दुपारी सगळेच रस्ते ओस पडतात, कारण अकोल्याचा पारा एप्रिल-मेमध्ये 45 अंशांच्या आसपास जातो. त्या वेळी शेतकरीही बांधावरच्या झाडाखाली असतो. सायकलवाल्याने वेगळं शहाणपण दाखवू नये. तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरावा आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत पल्ला संपवावा. याच दिवसांत कापूस घरी येत असतो. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाड्या समोरून आल्या की उतरून कडेला थांबा. बैल सायकलला बुजतात, आणि बुजलेल्या जोडीमुळे गाडीवानाचं नुकसान होतं.

पाण्याबद्दल विशेष सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्याला हे सुचतच नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. जमिनीखालचं पाणी खारं आहे. हातपंप दिसला म्हणून बाटली भरून घेतली तर तहान भागत नाही आणि पोट बिघडतं. गोड पाणी नळयोजनेचं असतं, ते गावात विचारूनच घ्यावं. आणि ज्या गावाला स्वतःलाच ते काही दिवसांआड मिळतं तिथे आपण जास्त मागू नये. निघतानाच तीन-चार लिटर सोबत असावं. काट्यांचंही तसंच. पांदणीच्या दोन्ही कडांना बाभूळ आणि बोर, वाटेवर सराटे; पंक्चरचं सामान आणि दोन जादा ट्यूब नसतील तर पांदणीवर जाऊच नये.

इतक्या सूचना ऐकून कुणी म्हणेल, यापेक्षा महामार्ग बरा. निदान पंक्चरवाला आणि दवाखाना जवळ असतो. यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. एकट्याने जाणाऱ्याने, सायकल दुरुस्त करता न येणाऱ्याने सुरुवात गावाला गाव जोडणाऱ्या डांबरी रस्त्यांवरच करावी. मूर्तिजापूरहून दापुरा, लाखपुरी, दर्यापूर, पुढे अंजनगाव सुर्जीजवळचं शेंडगाव असा पल्ला त्यासाठी चांगला आहे. गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा, लहानपण मामाकडे दापुऱ्याचं. पूर्णाकाठचं ऋणमोचन आणि पेढीकाठचं वलगाव हीही त्यांच्या आयुष्याशी बांधलेली ठिकाणं. ज्या माणसाने हा मुलूख पायी तुडवला, त्याच्या गावांना जोडणारा सायकलमार्ग इथे व्हावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी ना जंगल तोडावं लागेल, ना कुणाची रेल्वे अडेल. लागतील त्या पांदणींवर मुरूम, ओढ्यांवर मोऱ्या, फाट्यांवर पाट्या. या तिन्ही गोष्टींची सायकलवाल्यापेक्षा शेतकऱ्याला जास्त गरज आहे, म्हणूनच ही मागणी ग्रामसभेत टिकेल.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या सायकल मंडळींना माझी विनंती आहे. या हिवाळ्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या जवळच्या दोन-चार गावांचे नकाशे काढा, त्या गावच्या एखाद्या शेतकऱ्याला सोबत घेऊन पांदणी पायी पाहा, कुठली बुजली आहे आणि कुठली अडवली आहे ते लिहून काढा, आणि तो कागद ग्रामसभेपुढे ठेवा.