पालकाचे व्यसन आणि मुलाचा ताबा

पतिपत्नी विभक्त झाल्यावर अज्ञान मुलाचा ताबा कोणाकडे असावा, या वादात व्यसनाचा मुद्दा वारंवार निघतो. वडील दारू पितात एवढे सिद्ध झाले की मूल आपोआप आईकडे येते, अशी समजूत खेडोपाडी आढळते. ती खरी नाही. आणि वडिलांचा हक्क कशानेही ढळत नाही, ही समजूतही खरी नाही.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ प्रमाणे न्यायालय मुलाचे वय, पालकाचे चारित्र्य व कुवत, तसेच समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ ने मुलाचे कल्याण सर्वोपरी ठरविले आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे कलम ६ सांगते. यातील ‘सामान्यतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आईच व्यसनाधीन असेल, तर न्यायालय वेगळा निर्णय देऊ शकते.

खरा प्रश्न, व्यसनामुळे मुलाचे काय होते, हा असतो. मूल उपाशी राहते काय, मारहाण पाहते काय, रात्री शेजाऱ्यांकडे आसरा घेते काय? अशा वेळी ‘तो दारुडा आहे’ या मोघम विधानापेक्षा शाळेचे हजेरीपत्रक, दवाखान्याची कागदपत्रे किंवा प्रत्यक्ष पाहिलेल्या शेजाऱ्याची साक्ष अधिक उपयोगी पडते. म्हणूनच शिक्षकाने हजेरीच्या नोंदी चोख ठेवाव्यात आणि सरपंचाने ऐकीव माहितीवर दाखला देऊ नये. असे दाखले दोन्ही पक्ष सारख्याच सहजतेने मिळवितात, हा नित्याचा अनुभव आहे.

मूल प्रत्यक्ष धोक्यात असेल, तर दाव्याच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मुलाचा सांभाळ करण्यास पालक अपात्र वा असमर्थ असल्याचे बाल कल्याण समितीस आढळल्यास, ते मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते. शासकीय सेवक किंवा कोणताही जागरूक नागरिक अशा बालकास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करू शकतो. १०९८ या क्रमांकावरही कळविता येते.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थितीनुसार तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ साली स्पष्ट केले. व्यसनमुक्त झालेला पालक पुन्हा अर्ज करू शकतो. तोपर्यंत त्याला ठरावीक वेळी, गरज भासल्यास देखरेखीखाली, मुलास भेटू देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते.