तपकिरी रंग किती सांगतो

हिवरखेडात मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाठीच्या तुकड्याचे पातळ काप काढायचे, त्यातली प्रथिनं रंगवायची आणि स्लाइड डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवायची, एवढंच माझं काम. पण तेल्हारा तालुक्यात कुणाच्या घरी पोटाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला, की त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर येतो आणि मागोमाग फोन. "भाऊ, पाह्य बरं, बुढा किती दिस काढते?" रिपोर्टमध्ये हर-टू, पीडी-एल-वन, एमएलएच-वन अशी नावं असतात आणि त्यांतच कुठेतरी तारीख लिहिलेली असणार, अशी लोकांची खात्री असते. सुरुवातीला थोडीफार माझीही होती. रंगवता रंगवता काय उमगत गेलं, ते सांगतो.

१. प्रथिनांच्या आधी उशीर येतो, हे प्रथिनांवर पोट भरणाऱ्या मला मान्य करावं लागलं. आमच्या भागात कॅन्सर म्हटलं की हात गालाकडे जातो. तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्या मुलखात ते साहजिकच आहे. पोटाचा कॅन्सर महाराष्ट्रात त्या मानाने कमी, देशात सर्वांत जास्त मिझोराममध्ये. कमी म्हणून संशयही कमी. जळजळ झाली की पित्त, पोट फुगलं की गॅस, घास कमी झाला की वय. 'तूर निघू दे, मग पाहू' म्हणता म्हणता एंडोस्कोपी लांबते. कॅन्सर जठराच्या भिंतीत किती खोल गेला, किती लिम्फ नोडमध्ये शिरला आणि दूर कुठे पोचला का, यावरून ठरणारी स्टेज आजही कोणत्याही एका प्रथिनापेक्षा जास्त सांगते. त्यासाठी ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागातले किमान १६ नोड तपासले जावेत, अशी अपेक्षा असते. डॉक्टरबाई चरबीत बोटं फिरवून डाळीएवढे नोड शोधत बसतात, तेव्हा माझ्या महागड्या अँटिबॉडीच्या बाटल्या फ्रिजमध्ये आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात.

२. अँटिबॉडी फार हुशार असते, असा माझा समज होता. निम्मी हुशारी प्रेशर कुकरची निघाली. तुकडा सडू नये म्हणून तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात, पण फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांत असं गुंतवून टाकतं की अँटिबॉडीला ती ओळखू येत नाहीत. १९९१मध्ये अमेरिकेतल्या शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की कापाला पाण्यात किंवा द्रावणात चांगली उष्णता दिली तर हा गुंता बराच सुटतो. तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये मायक्रोवेव्ह आणि कुकर आले. आता आमच्याकडे मशीन आहे, पण मी काम शिकलो ते स्टीलच्या कुकरवर. घरी सांगितलं तेव्हा आईला माझ्या शिक्षणाच्या खर्चाबद्दल शंका आली. कुकरनंतर अँटिबॉडी, मग रसायन, आणि जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग. बाकी सगळं निळं.

३. 'प्रथिन नाही' आणि 'प्रथिन टिकलं नाही' यांत फार अंतर आहे. तुकडा फॉर्मालिनमध्ये साधारण ६ ते ७२ तास राहायला हवा. त्याहून कमी राहिला तरी पंचाईत, फार जास्त राहिला तरी पंचाईत. आमच्याकडे बायोप्सीची डबी कित्येकदा नातेवाइकांच्या पिशवीतून एसटीने येते, भाकरीच्या डब्याशेजारी बसून. कधी डबीत फॉर्मालिनऐवजी सलाइन असतं. म्हणून रुग्णाच्या कापाबरोबर आम्ही नेहमी कंट्रोल रंगवतो, म्हणजे ज्यात ते प्रथिन नक्की आहे असा दुसरा तुकडा. कंट्रोल तपकिरी झाला नाही तर त्या दिवसाचं काम बाद. पण कंट्रोल फक्त आमच्या रंगाची साक्ष देतो, एसटीतल्या प्रवासाची नाही. लॅबमध्ये विज्ञान सुरू होतं असं मला वाटायचं. ते डबीतच सुरू झालेलं असतं.

४. जठराचा कॅन्सर एका रंगाचा नसतो. हर-टू हे प्रथिन पेशीच्या कडेवर बसतं. त्याला ०, १+, २+, ३+ असे गुण देतात. २+ आलं तर निकाल लटकतो आणि फिश नावाची जनुकाची चाचणी करावी लागते. स्तनाच्या गाठीत हर-टू असलं तर बहुधा सगळीकडे सारखं दिसतं. जठरात मात्र एका कोपऱ्यात गडद तपकिरी आणि बोटभर अंतरावर स्वच्छ निळं, असं सर्रास दिसतं. म्हणून एंडोस्कोपीत किमान ५, शक्यतो ६ ते ८ तुकडे घ्यावेत असं सांगतात. दोनच तुकडे आले तर मी काय रंगवणार? बरं, रंगवलेलं पाहणारे दोन अनुभवी डोळेसुद्धा १+ की २+ यावर अडतात. रिपोर्टवर छापलेला आकडा इतका ठाम दिसतो, की त्यामागे माणसं मान वाकडी करून बसलेली असतात हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

५. पुढे काय होईल आणि कशाने फरक पडेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी बरीच वर्षं ते एकच समजत होतो. हर-टू पॉझिटिव्ह असणं जठरात मुळातच वाईट की नाही, यावर अभ्यासांचं अजून एकमत नाही. पण त्याच्यावर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आहे. २०१०मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या टोगा चाचणीत पसरलेल्या, हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये नुसत्या केमोवर निम्मे रुग्ण ११.१ महिन्यांपलीकडे जगले, ट्रॅस्टुझुमॅब जोडल्यावर हा आकडा १३.८ झाला. भारतात त्या औषधाची पहिली देशी आवृत्ती बायोकॉनने २०१४च्या सुरुवातीला आणली, पुढे आणखी कंपन्या आल्या आणि किंमत खाली आली. क्लॉडिन १८.२चंही तसंच. हे जठराच्या अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारं प्रथिन. एरवी ते आत दडलेलं असतं, कॅन्सरमध्ये पेशींची घडी विस्कटली की उघडं पडतं. त्यावरून आयुष्याचा अंदाज फारसा बांधता येत नाही, पण त्याला धरून हल्ला करणारं झोल्बेटुक्सिमॅब २०२४मध्ये आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झालं. भविष्य सांगणाऱ्या प्रथिनापेक्षा दार उघडणारं प्रथिन मला आता जास्त मोलाचं वाटतं.

६. मधला आकडा कुणाच्याच घरचा नसतो. '१३.८ महिने' हे मी फोनवर सांगायचं टाळतो, कारण ऐकणारा लगेच कॅलेंडर काढतो. अर्धे त्याच्या आत गेले, अर्धे त्याच्या पुढे राहिले, काही खूपच पुढे, एवढाच त्याचा अर्थ. हे समजावताना मला आणेवारी कामी येते. गावाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली म्हणून वानच्या कालव्याखालचं शेत बुडालेलं नसतं, आणि वर आली म्हणून खारपाणपट्ट्यातलं पिकलेलं नसतं. मंडळाच्या सरासरीवर पीकविमा मिळतो की नाही, याचा ज्याने एकदा अनुभव घेतलाय, त्याला मीडियन शिकवावं लागत नाही. उलट तोच मला विचारतो, "मंग आपल्या वावराचं काय?" त्याला उत्तर देण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नाही, आणि डॉक्टरबाईंचंही नाही. त्या हे मोकळेपणाने सांगतात.

७. कधीकधी मोडकं ते बरं निघतं. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. त्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं आम्ही रंगवतो: एमएलएच-वन, पीएमएस-टू, एमएसएच-टू, एमएसएच-सिक्स. कॅन्सरच्या पेशींत त्यातलं एखादं गायब असलं तर शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी आणि गाठ निळी दिसते. मला वाटलं, दुरुस्तीच बंद, म्हणजे आणखी वाईट. निघालं उलट. ऑपरेशन होऊ शकणाऱ्या रुग्णांत असा कॅन्सर सहसा बरा वागतो. चुका इतक्या साचतात, की शरीराच्या शिपायांना तो परका म्हणून ओळखता येतो, असं त्याचं कारण मानतात. ब्रिटनच्या मॅजिक नावाच्या केमोच्या चाचणीतले जपलेले नमुने २०१७मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा या गटातले नुसतं ऑपरेशन झालेले रुग्ण चांगले राहिले होते, आणि केमो घेतलेल्यांना तिचा फायदा झालेला दिसला नाही. गट लहान होता, पण डॉक्टरांना थांबून विचार करायला लावण्याइतकं ते पुरेसं होतं. तेव्हापासून निळ्या गाठीकडे मी तोंड वाकडं करून पाहत नाही.

८. शोधलेली प्रथिनं शेकड्यांनी आहेत, वापरातली बोटांवर मोजण्याइतकी. पी-५३, केआय-६७, ई-कॅडेरिन, सीए ७२-४... यादी काढायला बसलो तर ही जागा पुरायची नाही. एका शहरातल्या थोड्या रुग्णांत जे खरं ठरतं, ते दुसऱ्या शहरात फिरून जातं. हा गोंधळ इतका वाढला, की अशा अभ्यासांत काय काय सांगितलंच पाहिजे याची रिमार्क नावाची नियमावली २००५मध्ये करावी लागली. सीईएचंच पाहा. १९६५मध्ये मॉन्ट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी ते शोधलं, आज तालुक्याच्या लॅबमध्येही रक्तातून मोजून मिळतं. पण जठराच्या कॅन्सरच्या कितीतरी रुग्णांत ते नॉर्मलच असतं, आणि बिडी ओढणाऱ्या धडधाकट माणसात वाढलेलं सापडतं. आधी वाढलेलं सीईए उपचारांनी उतरतंय का, हे पाहायला ते बरं. 'सीईए नॉर्मल आहे, मग कॅन्सर नाही ना?' असा फोन आला की मात्र मला शब्द जपून वापरावे लागतात.

९. सर्वांत जास्त खजील मला अल्ब्युमिनने केलं. अंड्याच्या पांढऱ्यातलं त्याच्यासारख्याच नावाचं प्रथिन आपण खातो, आपल्या रक्तातलं अल्ब्युमिन यकृत बनवतं. तपासणी साधी, पैसे किरकोळ. जपानच्या ओनोदेरा यांनी १९८४मध्येच अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट यांवरून पोटाच्या ऑपरेशनचा धोका मापायचं सूत्र दिलं होतं. पुढे दाहात वाढणारं सीआरपी आणि अल्ब्युमिन जोडून केलेला ग्लासगोचा स्कोअर आला. अल्ब्युमिन ३.५च्या खाली आणि सीआरपी वर, म्हणजे लक्षण बरं नाही, हे देशोदेशीच्या अभ्यासांत टिकून राहिलं. ते फक्त कमी खाण्याने उतरतं असंही नाही, शरीरात पेटलेल्या दाहानेही उतरतं. तरी त्यातला थोडा भाग आपल्या हातात असतो. मी अँटिबॉडीच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवत होतो आणि रुग्णाचा घास किती उतरलाय हे कुणी विचारलंच नव्हतं. आता फोन आला की मी आधी वजन विचारतो.

१०. पुढचा अंदाज पेशीबाहेरही असतो. हिवरखेडहून अकोला, अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, टाटा हॉस्पिटलची रांग, आणि मुक्काम दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. आमच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा, त्यामुळे तिथे पोचलेला वऱ्हाडी माणूस जरा मोकळा श्वास घेतो. दर तीन आठवड्यांनी हे सगळं करणाऱ्याची केमो पुरी होते, सोयाबीनच्या सोंगणीला घरी राहिलेल्याची चुकते. कोणत्याही स्लाइडवर हे रंगत नाही. मी लोकांना एक मात्र आवर्जून सांगतो: मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, सोबत न्या आणि उन्हात ठेवू नका. ब्लॉकमध्ये प्रथिनं वर्षानुवर्षं टिकतात. उद्या नवं औषध आलं तर त्याच तुकड्यातून नवी तपासणी होते, माणसाला पुन्हा नळी घालावी लागत नाही.

११. 'किती दिस?' या प्रश्नाच्या मागे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो. एक एकर विकायला काढावं की सोनं गहाण टाकावं. पुण्याच्या भावाला आत्ता बोलवावं की दिवाळीला. मायला सांगावं की नाही. मी इतकी वर्षं पहिल्या प्रश्नाशी झटत राहिलो, आणि दुसरा सांगायला लोक कधीचे तयार होते. एका मुलाने एकदा बराच वेळ हर-टूबद्दल विचारून शेवटी हळूच विचारलं, "भाऊ, बहिणीचं लग्न उन्हाळ्यात धरलं हाये, अलीकडं घ्यावं का?" मी म्हटलं, डॉक्टरांना हेच विचार, असंच विचार, लग्नाची तारीख सांगून विचार. दिवसांचा आकडा ते देणार नाहीत. लग्न अलीकडे घ्यावं की नाही, हे बहुतेक सांगतील.