घरच्या विजेवर जाड लोखंडाचे वेल्डिंग

प्रश्न : मुलुंडला माझा छोटा गाळा आहे. सिंगल फेजवरच्या स्वस्त इन्व्हर्टर मशीनने 10 मिमी प्लेट जोडता येईल का?

उत्तर : येईल, पण एका फेरीत नाही. ग्राइंडरने कडा तिरक्या करा. पहिला थर 2.5 मिमी रॉडने, साधारण 80 अँपिअरवर द्या. स्लॅग पूर्ण खरवडूनच पुढचे थर चढवा. 3.15 मिमी रॉडला 110-120 अँपिअर लागतात. त्यासाठी साध्या 16 अँपिअरच्या प्लगवर विसंबू नका. इलेक्ट्रिशियनकडून जाड वायरची स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग करून घ्या. मशीनची ड्युटी सायकल ज्या करंटला 60 टक्के असेल, त्या करंटला दहा मिनिटांत सहाच मिनिटे वेल्डिंग. पावसाळ्यात रॉड दमट होऊ देऊ नका. चेन-पुली टांगायचा बीम मात्र जाणकार वेल्डरकडूनच करून घ्या. तिथला कच्चा जोड जिवावर बेततो.