आरोग्यपाठ : औषधाआधी तपासणी

एका डोळ्याची नजर अचानक मंदावली किंवा पाय बधिर झाले, तर सिल्व्हर पार्कमध्ये असा वा पाड्यावर, थांबू नका. हा मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असू शकतो. यात शरीराची संरक्षक शक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. पाठीतून काढलेल्या पाण्यातील प्रतिपिंडांचे पट्टे निदानाला आधार देतात; पण आजार किती तीव्र होईल, हे केवळ त्यांवरून ठरत नाही.

एनएमओ हा आजार असाच दिसतो. त्याचे रक्तातील प्रतिपिंड २००४ मध्ये सापडले. एमएसची काही औषधे एनएमओ बळावतात. म्हणून उपचारापूर्वी डॉक्टरांना या रक्ततपासणीविषयी विचारा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. पात्र रुग्णाला प्रमाणपत्र मिळवून द्या.