हाताशी ठेवावयाच्या वस्तू

माझ्या लहानपणी आमच्या घरी वर्षाचे तांदूळ कोठीच्या खोलीत असत. मीठ, तिखट आणि आमसुले – आम्ही कोकणी माणसे त्यांना ‘सोलां’ म्हणतो – मात्र चुलीजवळच्या कोनाड्यात. रांधताना आईला उठावे लागू नये, एवढाच त्यातील हेतू.

संगणकातील व्यवस्था याहून फारशी निराळी नाही. त्याच्या पोटात असंख्य कागद व कार्यक्रम साठविलेले असतात. पैकी नित्य लागणारे मोजकेच. पडद्याच्या तळाशी दिसणारी आडवी पट्टी, म्हणजे ‘टास्कबार’, १९९५ साली ‘विंडोज ९५’ बरोबर आली. २००९ च्या ‘विंडोज ७’ पासून तिच्यावर आवडता कार्यक्रम टाचून ठेवता येऊ लागला. कार्यक्रम चालू असता पट्टीवरील त्याच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबावे व ‘पिन टू टास्कबार’ निवडावे. पुढे विंडोजची कळ धरून १ हा अंक दाबताच पट्टीवरील पहिला कार्यक्रम उघडतो, २ दाबल्यास दुसरा. त्याच चित्रावर उजवे बटण दाबले असता बहुधा अलीकडे उघडलेल्या कागदांची यादी येते. नावापुढील टाचणीवर क्लिक केल्यास तो कागद यादीत कायम राहतो. फोल्डरांसाठी अशीच सोय २०१५ च्या ‘विंडोज १०’ मध्ये ‘क्विक ॲक्सेस’ या नावाने झाली.

काही विद्यार्थी मात्र पन्नास-पन्नास चित्रे डेस्कटॉपवर मांडून बसतात. ही तर सारी कोठीच चुलीपाशी आणणे झाले!

आता ‘शॉर्टकट’विषयी. ऑल्ट कळ धरून एखादा कागद डेस्कटॉपवर ओढला, की त्याचा शॉर्टकट तयार होतो. परंतु तो कागद नव्हे. कागदाचा केवळ पत्ता होय. हे मला ठाऊक होते, तरीही मी फसले. गेल्या वर्षी या अंकाचेच साहित्य घेऊन मी मडगावच्या एका छापखान्यात गेले. पेनड्राइव्ह लावला, तर काहीच उघडेना. डेस्कटॉपवरील शॉर्टकटचीच नक्कल मी आणली होती. मुलांचे सर्व लेख शाळेच्या संगणकातच राहिले होते. साहित्य देण्याचा तो शेवटचा दिवस. पुन्हा बस, पुन्हा शाळा. आणि संगणककक्षाला कुलूप! शिपाईमामा घरून किल्ली घेऊन आले, म्हणून अंक वेळेवर निघाला.

शॉर्टकट पुसला तरी मूळ कागद सुरक्षित राहतो. मूळ कागद पुसला, तर शॉर्टकट असून नसल्यासारखा. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लहानसा वळलेला बाण असेल, तर तो शॉर्टकट समजावा. त्यावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले, की मूळ कागदाचे फोल्डर उघडते. पेनड्राइव्हवर न्यावयाची नक्कल तेथून घ्यावी.